सुमेधची मिरवणूक

आता माझ्या शहाणपणाचा एक नमुना सांगतो. चहा घेताय ना? घ्या, पण घोट गिळून मग ऐका.

माझा दादा फौजेतून निवृत्त होऊन आला, तेव्हा मी वाशीमला पेपर तपासत बसलो होतो. अनसिंगच्या फाट्यावर त्याला घ्यायला कोणी नाही. काळी पेटी डोक्यावर घेऊन तो एकटा चालत घरी आला. बोलला काहीच नाही. तीन वर्षांपूर्वी गेला, तेही न बोलताच.

म्हणून ठरवलं. त्याचा मुलगा सुमेधही फौजीच. तो निवृत्त होईल तेव्हा अख्खं गाव फाट्यावर उभं करीन!

एक दिवस त्याचा फोन. "काका, पेन्शनचे कागद दिले. एक तारखेले पेटी घेऊन येतो."

पेटी! सुट्टीवर येणारा फौजी कधी पेटी आणतो का? मी पुढचं काही विचारलंच नाही. रहीमभाईचा बँड सांगितला, ट्रॅक्टर सजवला.

सुमेध बसमधून उतरला तोच गळ्यात हार.

"काका, आयका तं..."

तोंडात पेढा.

"पन मी..."

दुसरा पेढा! फौजी माणूस, अन्न थुंकणार कसा?

चौकात मी अर्धा तास बोललो. भरतीसाठी पहाटे धावलेला रस्ता, बर्फातली पहिली पोस्टिंग, सतरा वर्षांची नोकरी. "आज यानं बंदूक खाली ठेवली!" म्हणून टाळ्याही मीच सुरू केल्या. सुमेध सावधान उभा. शेवटी त्यानं माइक घेतला.

"काका, एकवीस दिवसाची सुट्टी हाय. पेन्शनले अजून सात महिने. सामान थोडं थोडं आनून राह्यलो."

अख्खा चौक माझ्याकडे पाहू लागला!

रहीमभाईनं हळूच विचारलं, "मास्तर, मंग वाजवू का घरी जाऊ?"

"वाजवा!" मी म्हणालो. माघार घेतली तर फौजीचा भाऊ कसला?

पुढं काही महिन्यांनी मी अंगणात पेपर वाचत होतो. मान वर केली तर फाटकाशी सुमेध. एकटा. डोक्यावर दुसरी पेटी, फाट्यावरून चालत आलेला. थेट दादाच!

धावलो. पेटीची एक कडी धरली. आणि तोंडातून काय निघावं?

"अरे वा! किती दिवसाची सुट्टी?"

सुमेध हसला. "आता कायची सुट्टी, कायमचा आलो. मुद्दामच नाई सांगतलं, काका. मागचेच पेढे अजून उतरले नाईत!"