दहा हातांवरचा भाऊ

लातूरच्या आमच्या तपासणी प्रयोगशाळेत सकाळी जंतू वाढवलेल्या काचेच्या बशा बघत बसले होते, तेव्हा मिलिंदचा फोन आला. "अनुताई, ताई गेली आमची," एवढंच बोलला आणि थांबला. मागून त्याच्या आईचा आवाज येत होता... हातातली बशी मी खाली ठेवली, पण हातमोजे काढायचं कितीतरी वेळ सुचलंच नाही. नांदेडच्या कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी, हसता हसता खोकणारी आणि खोकला थांबला की राहिलेलं हसू पुरं करणारी रमा गेली. त्याला आता महिना उलटून गेला.

रमा हिमायतनगरची. वडील ग्रामसेवक, आई घर सांभाळणारी. लहानपणापासून तिच्या छातीत कफ. सगळ्यांना क्षय वाटायचा. त्याची औषधं दोनदा झाली, गुण आला नाही. तिची आई सांगायची, "लेकराचा मुका घेतला की ओठाला मीठ लागायचं. मला वाटायचं, रडली असंल." त्या मिठातच आजाराची खूण होती, हे कळलं हैदराबादच्या डॉक्टरांनी घाम तपासला तेव्हा. सिस्टिक फायब्रोसिस. आईबापाकडून आलेल्या जनुकांतला दोष. फुप्फुसातला कफ घट्ट होतो, हटत नाही आणि त्यात जंतू कायमचं घर करतात. आम्ही तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मग तिच्या धाकट्या भावाचा, मिलिंदचाही घाम तपासला. त्यालाही तेच निघालं.

डॉक्टरांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. रमाच्या कफात स्युडोमोनास नावाचा जंतू होता, मिलिंदच्या कफात अजून नव्हता. हा जंतू धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण या आजाराच्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला तर तिथून निघत नाही. दोघांनी एका छपराखाली राहू नये. रमा मला म्हणाली, "म्हंजी आई मला कवटाळू शकती, बाबा शकतेत, तू शकतीस. फकस्त मिलिंद न्हाई." बी.एड. झाल्यावर तिनं अहमदपूरच्या एका शाळेत नोकरी धरली, ती घर सोडण्यासाठीच. आई रडली, तर म्हणाली, "मग त्यानं घर सोडावं का? लहान हाय तो."

तेव्हापासून आई एसटीनं दोन्ही लेकरांकडे ये-जा करत राहिली. मिलिंद अहमदपूरला यायचा, पण शाळेच्या मैदानापर्यंतच. मी एकदा त्यांची भेट पाहिली. ती कडुलिंबाखाली, तो दहा हात लांब दगडावर, दोघांच्या तोंडाला मास्क. ओरडून बोलायला तिला दम पुरायचा नाही, म्हणून समोरासमोर बसून दोघं फोनवर बोलत होते. मध्येच मिलिंदनं कुणाची तरी नक्कल केली आणि ती इतकी हसली की फोन हातातून पडला. तो उचलून द्यायला पटकन उठला... आणि तिनं हात वर केला. तो तिथंच थांबला.

दोनेक वर्षांमागं मिलिंदच्या कफातही तोच जंतू सापडला. रमा माझ्या प्रयोगशाळेत आली, स्टुलावर बसली. "माझाच हाय न्हवं हा? घरी होते तवाच दिला असंल मी. इतके दिवस दडून राह्यला."

मी तिला समजावलं, की नाव एक असलं म्हणून जंतू एक नसतो. एका आडनावाची माणसं गावोगाव असतात, ती सगळी भाऊबंद नसतात. दोन्ही जंतूंच्या जनुकांची अक्षरं शेजारीशेजारी ठेवून वाचली की एक घराणं की वेगळं, ते कळतं. माझ्या शिक्षिका पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होत्या. त्यांच्याकडे दोघांचे नमुने पाठवायचं ठरलं. जाता जाता रमा दारात थांबली. "अनू, एकच निघाला तर दोष माझा. पण मग लांब बसायचं कारण तरी ऱ्हाईल का? जवळ बसून जेवता येईल." डॉक्टर तेव्हाही हो म्हणाले नसते, हे मला ठाऊक होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी ते बोलले नाही.

निकाल आला, त्यानंतरच्या रविवारी मी स्वतःच अहमदपूरला गेले. दोन्ही जंतू वेगळे होते, दूरचेसुद्धा नातलग नव्हते. मिलिंदचा बाहेरून आलेला, पाण्यातून किंवा ओल्या मातीतून, अजून औषधाला दबणारा. रमाचा तिच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं राहून पार बदललेला. पोहायची शेपटी त्यानं टाकून दिली होती, अंगाभोवती चिकट गिलावा करून घेतला होता, बहुतेक औषधं पचवायला शिकला होता. तिच्याच कफाच्या एका नमुन्यात त्याचे तीन-चार निरनिराळे अवतार होते.

"मग मी दिला न्हाई?"

"नाही."

ती ओंजळीत तोंड धरून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "आन् माझा त्याला लागला तर?"

"तुझा त्याला झेपायचा नाही, रमा."

"हाव," ती म्हणाली. "म्हंजी लांब राह्यले ते कामाला आलं." तिनं निकालाच्या कागदाची घडी घातली. "आता तर जवळ जायचं नावच नको."

शेवटी तिला लातूरच्या दवाखान्यात आणलं. मिलिंद जिन्यात उभा होता. एकदाच आत सोडा, असं तो डॉक्टरांना विनवत होता, आणि डॉक्टरही मास्क, गाऊन घालून दोन मिनिटं सोडायला तयार झाले होते. रमाला बोलता येत नव्हतं. मी विचारलं, तर तिनं मान हलवली. नाही. मग हातानं खूण केली, की त्याला खिडकीखाली उभं कर. मी पलंग खिडकीकडे सरकवून घेतला. मिलिंद खाली अंगणात उन्हात उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली, डोळा लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंदचा तो फोन आला.

रमाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर सामान आवरायला आम्ही अहमदपूरला गेलो. आई, मिलिंद आणि मी. तिच्या खोलीत मिलिंद कधीच आला नव्हता. आईनं आधीच येऊन खोली धुऊन, खिडक्या कितीतरी दिवस उघड्या ठेवल्या होत्या. भिंतीला भारताचा नकाशा, टेबलावर वाफेचं यंत्र, खुंटीला शाळेत न्यायची छत्री. मिलिंद उंबऱ्याबाहेर उभा राहून एकेक वस्तू बघत होता.

"ये की आत," आई म्हणाली. "डॉक्टरांनी बी हो म्हणलंय. आता कशाचं भ्याव?"

"भ्याव न्हाई, आई," तो म्हणाला. "ताईनं अजून ये म्हणलं न्हाई."

 आईनं खोलीतली खुर्ची उचलली, बाहेर नेऊन उंबऱ्याला लागून ठेवली. मिलिंद खुर्चीवर बसला. दार उघडंच होतं.