टाकळ्याची राख

पानात लोह किती, चुना किती हे कळायला आधी पान ठार मारावं लागतं. आमच्या प्रयोगशाळेत रोज हेच चालतं. टाकळ्यासारखी रानभाजी आम्ही वाळवतो, खलात चिरडतो आणि चिनीमातीच्या मुशीत घालून भट्टीत लोटतो. आज शेजारच्या मुशीत मोहाचं तेल होतं. ते भडाभडा पेटलं, काळा धूर ओकत जळून गेलं आणि मागे काहीच उरलं नाही. टाकळा मात्र मुकाट जळाला आणि पांढरी राख ठेवून गेला. मातीतून ओढून आणलेलं तेवढंच आगीला पुरून उरतं.

हा टाकळा माझ्यासोबत काम करणाऱ्या सुनंदाच्या आईनं खुडून दिलेला. आई मागच्याच आठवड्यात वारली. राख उडू नये म्हणून सुनंदानं मुशीत पाण्याचे थेंब सोडले आणि तिचा हात थांबला.

"आईची राख सावडताना दादानं असंच आधी पाणी शिंपडलं होतं," ती म्हणाली. "ॲसिड तुम्ही ओता, मॅडम."

लोह-चुना मोजायचा तर राख ॲसिडात विरघळवावीच लागते. मी ओतलं. राख फसफसून उसळली आणि बघता बघता विरघळली. सुनंदानं तोंड फिरवलं नाही.