ओहोटीत उचललेला शंख

राजरत्न बावीस वर्षं लेण्याद्रीला पहारेकरी होता. भिंतीवर नावं कोरणाऱ्यांना त्यानं इतकं दटावलं होतं की गावात त्याला कुणी मस्करीत 'साहेब' म्हणायचं. निवृत्त झाल्यावर बायकोला, रत्नाला घेऊन तो गुजरातच्या किनाऱ्यावरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात गेला. दोघांनी समुद्र धड पाहिलेला नव्हता. तीन दिवस तंबूत राहायचं ठरलं होतं.

सकाळी ओहोटीला इरफानभाई नावाचा वाटाड्या पर्यटकांना उघड्या पडलेल्या प्रवाळांवरून चालवत निघाला. मूळचा कोळी, पन्नाशीचा माणूस. कशालाही हात लावायचा नाही, एवढंच त्यानं सगळ्यांना बजावलं. राजरत्ननं आपल्या नोकरीचं सांगितल्यावर तो फार खूश झाला. परतताना बाकीचे पुढे गेले, तेव्हा त्यानं या दोघांना थांबवून एका खळग्यातला तपकिरी ठिपक्यांचा शंख दाखवला. रत्ना गुडघ्यावर बसून पाहतच राहिली. मग तीही इरफानभाईच्या मागोमाग निघाली.

राजरत्न मागे रेंगाळला. त्यानं शंख उचलून खिशात टाकला.

तंबूत आल्यावर त्यानं तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बॅगेत सारला. दुपारभर दोघं खाडीकाठी पक्षी बघत फिरली. इकडं तंबू उन्हानं तापला होता. परत आल्यावर टॉवेल काढायला रत्नानं बॅग उघडली, तर पिशवीत चिकट पाणी साठलेलं आणि शंखातून मऊ अंग अर्धं बाहेर लोंबलेलं.

"आवो, हे जितं व्हतं," ती म्हणाली.

"मला वाटलं, रिकामा हाय."

रत्नानं पिशवी त्याच्या हातात दिली. तो शंख घेऊन भरतीच्या पाण्याकडं धावला, कितीतरी वेळ पाण्यात धरून बसला. अंग आत ओढलं गेलं नाही.

वाळूत पुरून टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. तसा खड्डाही त्यानं हातानं उकरला होता. पण तो उठला, आणि जाळी दुरुस्त करत बसलेल्या इरफानभाईपुढं त्यानं शंख ठेवला. मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. रत्नाला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की उचलताना तो हाताला हललेला कळला होता.

इरफानभाईनं शंख उलटा करून पाहिला. रागावला नाही. दर ओहोटीला आपण त्याला बघून येत होतो, तुमच्या बाईंनाही म्हणूनच दाखवला, एवढं म्हणाला आणि उद्यानाच्या ऑफिसकडं बोट केलं. राजरत्ननं तिथं लेखी कबुली दिली. तंबूत येऊन रत्नालाही खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला कळलं व्हतं. तुमी रिकामी वस्तू अशी लपवून आणली नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी इरफानभाईनं त्यालाही हाक मारली. तो गेला नाही. रत्नाला पुढं धाडून तो काठावर सगळ्यांच्या चपला राखत बसला. लांबवर माणसं वाकून पाण्यात काहीतरी बघत होती.