सव्वा इंच खाली

जगात कुठलीच गोष्ट धड सुरक्षित नसते आणि तरीही प्रत्येक गोष्ट सुरक्षितपणे करता येते, ही दोन्ही मतं एकाच वेळी बाळगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे त्यांना मामा म्हणतात. डोकेदुखीची गोळी घेण्याआधी मामा पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद शेवटपर्यंत वाचतात. तोवर डोकं दुखायचं बहुतेक थांबलेलं असतं. घरात नवा कुकर आला, तेव्हा पहिली शिट्टी होईपर्यंत त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं होतं. अशा माणसानं आपली बारा वर्षांची गाडी जमिनीच्या आणखी जवळ आणायचं ठरवलं, तेव्हा मी नीट ऐकलं नसेन असंच मला वाटलं.

कारण होती आत्या. तिला गाडी लागते. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, गारगोटीला अर्धांगानं अंथरुणावर होते. ती भेटायला निघायची, वळणावर गाडी डोलली की पांढरीफटक पडायची आणि अर्ध्या वाटेतून कोल्हापूरला परतायची. दोन वर्षं भावाबहिणीची भेट नव्हती. गाडी खाली बसवली की वळणावर कमी कलते, असं मामांनी कुठंतरी वाचलं. गाडी खाली गेल्यावर आत्याच्या पोटातलं वर का येणार नाही, हे मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शिकलेला माणूस म्हणून मामा मला सोबत घेऊन फिरले. मी बँकेत आहे. स्प्रिंग मला पेनातली तेवढी ठाऊक. पहिल्या गॅरेजवाल्यानं आहे त्याच स्प्रिंगचे दोन वेढे कापून तासाभरात गाडी देतो म्हटल्यावर मामा उठले. बाहेर येऊन म्हणाले, "कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागा सोडती. मग गाडी तिकडं आन् आपण हिकडं." शेवटी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडून त्यांनी त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या, फक्त सव्वा इंच खाली नेणाऱ्या स्प्रिंगा मागवल्या. जुने शॉकअब्सॉर्बर त्यांना पुरे पडणार नाहीत, गाडी चेंडूसारखी उडेल, म्हणून तेही नवे. मग आरटीओत चौकशी, मग चाकांचं अलाइनमेंट, मग गाडीची नजर बदलली म्हणून हेडलाइटची उंची. मिस्त्रीनं मला मध्येच विचारलं, पटतंय न्हवं? मी हो म्हणालो. कशाला हो म्हणालो, ते अजून माहीत नाही.

भरल्या गाडीत चाक कुठं घासतंय का हे बघायला मामांनी गल्लीतली पाच वजनदार माणसं निवडून आत बसवली आणि स्वतः टॉर्च घेऊन चाकाशी बसले. निवडलेल्यांपैकी दोघं आजही त्यांच्याशी बोलत नाहीत. न निवडलेले एक गृहस्थही रुसले. ते का, कोण जाणे.

आणि एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी मागं लिंबू आणि पिशवी धरून. उंच स्पीडब्रेकर आला की मामा गाडी थांबवत, वजन कमी करायला आम्हाला उतरवत आणि गाडी तिरकी घालून अलगद पलीकडे नेत. आम्ही चालत जाऊन पुन्हा बसायचो. गारगोटीच्या रस्त्यावर गावं पुष्कळ आणि प्रत्येक गावाला दोन-दोन स्पीडब्रेकर. गाडी बंद पडली काय, असं लोक विचारत. दीड तासाचा रस्ता तीन तासांत संपला. आत्यानं पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही.

वडिलांना नीट बोलता येत नव्हतं. आत्या कॉटवर बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि एवढंच म्हणाली, "दादा, मी आलो."

मी बाहेर आलो. मामा चाकाशी उकिडवे बसले होते. गुण स्प्रिंगांचा की चालण्याचा, असं मी विचारलं. त्यांनी टायरवरून एकदा बोट फिरवलं.

"मलाबी कळंना झालंय," ते म्हणाले. "पण आता परत खोलून बघायचं न्हाय."

वडील त्यानंतर चार महिने होते. त्यातला प्रत्येक रविवार आत्याला मिळाला. आता गारगोटीला आमचं कुणी नाही. तरी एखाद्या रविवारी सकाळी मामा गाडी पुसून, हवा तपासून दारात उभी करतात. आत्या येऊन पुढच्या सीटवर जरा वेळ बसते. मग दोघं घरात जातात.