गणपती किती दिवसांचा?

कंपनीत नवं मशीन बसवायला अमेरिकेहून एक इंजिनीअर आला होता. काळा, उंच, माझ्याच वयाचा. काम रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात, राहायची सोय पेणच्या हॉटेलात, त्यामुळे रोज कंपनीची गाडी आणि सोबतीला मी. तिसऱ्याच दिवशी नागोठण्याच्या अलीकडे त्याने विचारलं, "तुमच्याकडे जात ओळखतात कशी? तुम्ही सगळे तर सारखेच दिसता."

मी आधी ड्रायव्हरकडे पाहिलं. मग मनात आलं, याला हे विचारायला कुणी सांगितलं? एचआरने? माझा स्वभावच तसला, सरळ प्रश्न आला की आधी तो उलटून पाहतो. पण बोलणं इंग्रजीत चाललं होतं, म्हणून सांगून टाकलं. जात कुणी विचारत नाही, गाव विचारतात. मग आडनाव. त्यावरून नाही कळलं तर आळी. आम्ही बौद्ध. पण आमचं आडनाव गावावरून पडलेलं, गावातल्या मराठ्यांचंही तेच. त्यामुळे समोरचा जरा चाचपडतो आणि तो चाचपडतोय हे मला कळतं.

"नशीबवान आहेस," तो म्हणाला. "मला फोनवर घर मिळतं. दारात उभा राहिलो की ते कुणाला तरी आधीच दिलेलं असतं."

नशीबवान म्हणे! मला रागच आला. रोह्यापासून पेणपर्यंत जिभेला लगाम घालून जगणारा मी, आणि हा मला नशीबवान म्हणतो.

त्याच आठवड्यात मला भाड्याचं घर बघायचं होतं. बायकोची पेणच्या दवाखान्यात बदली झालेली, पोरीला तिथल्याच शाळेत तिसरीत घातलेलं आणि शाळा सुरू व्हायला दहा दिवस. दोन घरं हातची गेली होती. एकाचा पुतण्या अचानक राहायला येणार होता, दुसऱ्याला अचानक रंग काढायचा होता. खरंही असेल, काय सांगावं. रामवाडीतलं हे तिसरं घर, वरचा मजला. गाडी होतीच, म्हणून अमेरिकन पाहुणाही बरोबर आला.

घरमालकीण साठीची, हसरी. "या दादा," म्हणाली, आणि पाहुण्याला बघून दारातच थबकली. "हे पण राहणार काय?"

"नाय नाय काकी! हे कंपनीचे. आत्ता जातील."

केवढी घाई झाली माझ्या जिभेला! तिचा संशय त्याच्यावर गेला म्हणून मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पाहुण्याला मराठी येत नव्हती, पण एवढं कुणालाही कळतं. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

मग सुरू झालं. गाव कुठलं? रोह्याजवळचं. आडनाव? सांगितलं. बाई जरा थांबली, चहा घेऊन आली आणि अगदी मायेने म्हणाली, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?"

पेणमध्ये घरोघरी मूर्तींचे कारखाने, तिथे हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. साधाच असेल. पण मी तोही उलटून पाहिला. आमच्याकडे गणपती येतच नाही.

"दीड," मी म्हणालो.

"आमचा पण दीडच!" बाई खूश. "मूर्ती माझ्या भावाच्या कारखान्यातूनच घ्या हां."

पाहुण्याला हॉटेलवर सोडताना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल. तो म्हणाला, "मला दीड म्हणायची सोय नाही." दारातल्या प्रकाराबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. मीही माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

घरी बायको भडकली. "तुम्ही बोललात ते बोललात. आता पोरीला काय पढवायचं? कुणी विचारलं तर दीड सांग म्हणून?"

सकाळी फोन लावला. "काकी, काल मी खोटं बोललो. आम्ही बौद्ध. आमच्याकडे गणपती येत नाय."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"बरं," ती म्हणाली. "मग सामान कधी आणताय?"

आता तिथेच राहतो. बाई आजवर एक शब्द वाकडा बोललेली नाही. आणि मी? तिने पायरी धुतली की वाटतं, आत्ता कशाला? आमटी पाठवली की बघतो, पाठवायचं भांडं वेगळं ठेवलंय का. लाज वाटते, पण बघतो. परवा तिने खालून पोरीला खाऊ घ्यायला हाक मारली. पोर निघताना म्हणाली, "पप्पा, काकी चांगली हाय ना?"

"हाय की," मी म्हणालो. आणि लगेच आवाज खाली आणून, "पण तिने सांगितल्याशिवाय तिच्या स्वयंपाकघरात जायचं नाय हां."

पोरीने मान हलवली आणि जिना एकेक पायरी उतरत गेली. एरवी ती पळत जाते.