गेम चांगला, पिशवी भिकार

"भिकार," भाऊ म्हणायचे आणि खुर्ची मागे ढकलायचे. समोर नवऱ्या मुलाचा बाप उभा असला तरी. त्याने हौसेने आणलेला पत्रिकेचा नमुना भाऊंच्या हातात असायचा: दोन मोर, एक गणपती, कडेने वेलबुट्टी आणि या सगळ्या गर्दीत कुठेतरी अंग चोरून बसलेली लग्नाची तारीख.

रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत आमचं छपाईचं दुकान. पत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं, दुकानांच्या पाट्या. मी काउंटरला आणि भाऊ आत कॉम्प्युटरवर. गिऱ्हाईक आणणं माझं काम आणि ते घालवणं भाऊंचं, असं मालक म्हणायचे. एकदा एका भावी नगरसेवकाची पोरं वाढदिवसाचा फ्लेक्स करायला आली. शुभेच्छुकांचे फोटो पिशवी भरून. भाऊंनी शांतपणे विचारलं, "यात जन्मलाय कोण?" पोरं मारायलाच उठली होती. मी चहा मागवला म्हणून निभावलं.

तुम्ही म्हणाल, असा माणूस ठेवला कशाला? तर भाऊंनी जुळवलेली पत्रिका म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता यायची. शिव्या खाऊन गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या मुलाच्या लग्नाला पुन्हा आमच्याकडेच यायचं. असे लोक तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्या हाताला गुण असतो, पण जीभ अशी की तो गुण घ्यायला जाणारा रक्तबंबाळ होऊन परततो.

माझ्या मुलीने लहानपणी त्यांना दाखवायला घोड्याचं चित्र आणलं होतं. भाऊंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "टेबल छान काढलंस," म्हणाले. पोरगी हमसून हमसून रडली. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. दुर्दैव असं, की मी बोलत नाहीये हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाऊ डबा मांडीवर घेऊन एक गेम उघडायचे. वीसेक वर्षांपूर्वीचा, परदेशातला. एक भटक्या तलवार घेऊन जंगलातून, गुहांतून हिंडतो, लोकांशी बोलतो, सापडेल ते पिशवीत टाकतो. आता कोण खेळतं असलं जुनं, मला वाटायचं. पण जगभर बरेच लोक खेळत होते. आणि त्यातल्या पुष्कळांच्या कॉम्प्युटरवर भाऊंचं काम बसवलेलं होतं.

"गेम चांगला, पिशवी भिकार," भाऊंनी मला समजावलं होतं. मूळ गेममध्ये पिशवी उघडली की सगळ्या वस्तू एकाखाली एक, मुंगीएवढ्या अक्षरांत. लढाईच्या मध्ये औषध शोधता शोधता माणूस मरायचा. भाऊंनी ती पिशवी नव्याने बांधली. शस्त्रं एका कप्प्यात, औषधं दुसऱ्यात, नकाशा बाजूला, आणि अक्षरं अशी मोठी आणि मोकळी की बघत राहावं. गेम ज्यांनी बनवला त्यांनी काही त्यांना सांगितलं नव्हतं. असे हौशी लोक आपापली दुरुस्ती करून एका साइटवर ठेवतात, ज्याला हवी तो फुकट घेतो. भाऊ त्यातले.

तिथेही जीभ तीच. कुणी अडचण विचारली की खाली उत्तर, "आधी सूचना वाच, मग रड." कुणी आभार मानले तर, "आभार नकोत, सूचना वाचल्यास का?" हे सगळं इंग्रजीत आणि व्याकरणशुद्ध.

त्या साइटवर एक रीत आहे. करणाऱ्याने लिहून ठेवायचं, की माझ्या कामात दुसऱ्याने बदल केला तर चालेल की नाही. आणि लोक ते पाळतात. भाऊंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, चालणार नाही. कुठल्याशा देशातल्या एका मुलाने त्यांच्या पिशवीचा रंग बदलून ती पुन्हा टाकली. भाऊंनी तक्रार करून ती काढायला लावली. त्या मुलाने गयावया करत माफी मागितली. ती माफी भाऊंनी मिसळ खाता खाता मला मोठ्याने वाचून दाखवली. मध्येच थांबून पावाला तर्री लावायचे आणि पुढे वाचायचे.

"अहो, विचारलं असतं त्याने तर?" मी म्हटलं.

"तर नाही म्हटलं असतं."

एक दिवस सिन्नरहून एक मुलगी आली. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. कंपनीच्या पाटीचं काम घेऊन आलेली. जन्मापासून नजर अधू. पैसे मोजतानाही नोट नाकाशी न्यायची. आत भाऊंच्या पडद्यावर पिशवी उघडी होती. ती मुलगी काउंटर ओलांडून सरळ आत गेली आणि वाकून पडद्याला नाक लावलं.

"हे तुम्ही केलंय?"

"का? काय बिघडलं?"

"काही नाही. मला खेळताना फक्त तुमचीच अक्षरं वाचता येतात."

भाऊंनी खुर्ची मागे ढकलली. "डोळ्यांचा डॉक्टर बदल," ते म्हणाले.

ती हसली. त्यानंतर नाशिकला कामाला आली की दुकानात डोकावायची. भाऊंच्या शेजारी स्टूल ओढून बसायची आणि ते काय करतात ते वासरासारखी टकामका बघायची. हळूहळू शिकलीही. दोन ओळींत जरा जागा सोडा म्हणाली, तर भाऊंनी तिला इतकं झापलं की मलाच उठून आत जावं लागलं. पुढच्या वेळी जागा सोडलेली होती. "तुझ्यामुळे नाही," भाऊ लगेच म्हणाले. तिने विचारलंही नव्हतं. मी त्या दिवशी काउंटरवर एकटीच हसत बसले. वाटलं, म्हातारा सुधारतोय.

सुधारणार कसले! एका दुपारी भाऊंच्या हातातून माउस सुटला आणि पाठोपाठ ते खुर्चीतून घसरले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. म्हसरूळला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे, त्यांना नेलं. भाऊंनी लग्न केलं नव्हतं. ज्याच्या जिभेला लोक आयुष्यभर भ्यायले तो माणूस आता अक्कांच्या हातून भात खात होता आणि तो अर्धा हनुवटीवर सांडत होता. आमचे मालक बघून आले आणि म्हणाले, "चला, आता गिऱ्हाइकं तरी टिकतील." बोलले आणि स्वतःच डोळे पुसायला लागले.

त्याच सुमारास गेमवाल्या कंपनीने जुन्या गेमची नवी आवृत्ती काढली आणि भाऊंची पिशवी मोडली. अक्षरं एकमेकांवर चढली. जगभरातले लोक खाली लिहू लागले, दुरुस्त करा, आळशी माणसा, मेलास की काय. सिन्नरच्या मुलीला तर काहीच वाचता येईना. दुरुस्ती तिला जमणार होती. पण भाऊंचं "चालणार नाही" तिथे तसंच होतं.

मी तिला घेऊन म्हसरूळला गेले. तिने लॅपटॉप भाऊंच्या पलंगावर ठेवला, माउस त्यांच्या डाव्या हाताशी दिला.

"भाऊ, अक्षरं चढलीत बघा. मला जमेल. नाव तुमचंच ठेवीन. करू का?"

भाऊंना सगळं कळत होतं. पडद्यावरच्या त्या मोडक्या पिशवीकडे त्यांनी पाहिलं. एका डोळ्यातून पाणी आलं. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने माउस असा झटकला की तो पलंगाखाली जाऊन पडला. आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मला त्यांचा इतका संताप आला, की आजारी माणसासमोर ओरडू नये हेही सुचलं नाही. "बरोबर घेऊन जाणार आहात का?" मी म्हटलं. त्याचा मला आजही पस्तावा नाही. पोरगी खाली वाकून हाताने चाचपत माउस शोधत होती आणि हा माणूस भिंत बघत होता.

अक्का चहा घेऊन आल्या. "काय म्हणतोय?"

"नाही म्हणतायत."

"लहानपणापून तसाच हे तो. आमच्या सायखेड्याला स्वतःची खेळायची मोडकी गाडी नदीत फेकली, पण कुणाला नाय दिली."

दिवाळीच्या आधी भाऊ गेले. मी सिन्नरच्या मुलीला फोन केला. म्हटलं, आता नाही म्हणणारं कोण उरलंय? साइटवाल्यांना अक्कांची संमती चालणार होती आणि अक्का तर केव्हाच हो म्हणाल्या होत्या, "घे बाई, तेवढंच त्याचं नाव राहील." मुलीने दुरुस्ती पुरी केली. फक्त म्हणाली, "दहावा होऊ द्या ताई, मग टाकते." दहाव्याला येताना लॅपटॉप पाठीवर घेऊन आली.

गोदाकाठचे कावळे खाऊन खाऊन माजलेले असतात. त्यांना पिंडाचं अप्रूप नाही. पण त्या दिवशी त्यांनी भाऊंच्या पिंडाजवळ यायचं नावच काढलं नाही. अक्का हात जोडून म्हणाल्या, "बाळा, तुझी खोली तशीच ठीवीन. काळजी करू नको. घे रे." नाही. कुणी म्हणालं त्रिंबकला अभिषेक करू. नाही. भाचा घाईघाईने म्हणाला, "मामा, गुटखा सोडतो." कावळ्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ऊन चढलं. मंडळी घड्याळं बघायला लागली. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

भाऊंना काय हवं होतं ते तिथे आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी तोंड शिवून उभी राहिले. मेल्यावरही त्यांचं ऐकायचं नाही, असं मी मनाशी ठरवलंच होतं.

मुलगी पुढे झाली. चपला काढल्या, हात जोडले.

"भाऊ, मी नाही हात लावणार. कुणाला लावूही देणार नाही."

कावळा कठड्यावरून उतरला. तिरका तिरका चालत आला आणि पिंडाला चोच लावली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. इतका वेळ धीराने उभ्या असलेल्या अक्का आत्ता कुठे रडल्या.

मी त्या पोरीला बाजूला पायऱ्यांवर ओढलं. "अगं, वेडी आहेस का? तू पुढे गेलीस तशी माणसं मागे सरली, म्हणून तो आला. कावळा आहे तो!"

"माहितीय ताई."

तिने पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. पडद्यावर तिची दुरुस्त केलेली पिशवी होती. दोर, मशाल, चाव्या, वाळलेलं मांस. मला उभ्या उभ्या वाचता येत होतं. भाऊंना जमलं होतं त्याहून थोडं जास्तच चांगलं. तिने ती बंद केली आणि दुरुस्तीची फाईल शोधून पुसून टाकायला डोळे पडद्याला टेकवले. मी तिचं मनगट धरलं.

"बोलले ना मी," ती म्हणाली आणि माझा हात सोडवून घेतला.