लाल रेघेच्या वर

आन्सरिंग मशीनवरचा दिवा लुकलुकत होता. ऑफिसातून आलो होतो, बूट काढता काढता बटण दाबलं आणि रत्नावहिनींचा आवाज आला. "भाऊजी, हे गेले. दुपारी. तुम्ही यायची घाई करू नका." बस, एवढंच. सुधाकर आता फार दिवसांचा सोबती नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे तो गेला हे ऐकून मी हललो नाही. शेवटच्या वाक्यानं हललो. अमेरिकेतल्या या बेलव्ह्यू गावात आमची घरं जवळजवळ, एकमेकांच्या घराच्या किल्ल्या एकमेकांकडे, आणि अशा माणसाला घाई करू नका म्हणायचं म्हणजे येऊच नका म्हणायचं. मी तरी गेलो. दार त्यांनीच उघडलं, बाजूलाही झाल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही. का, ते मला माहीत होतं. आपला नवरा हातपाय न हलवता निघून गेला आणि याच माणसानं त्याला वाट मोकळी करून दिली, असं त्यांच्या मनात बसलं होतं.

नंतरच्या दिवसांत भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "शेवटपर्यंत लढले हो." एक-दोघांना मी तोंडावर सांगितलं, नाही लढला. लोकांना आवडलं नाही. मेलेल्या माणसाला शूर ठरवलं की जिवंतांना जेवायला बरं पडतं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. सुधाकर लढला नाही. त्यानं पाण्याचा अंदाज घेतला आणि गळ गुंडाळून ठेवला. हे वाक्य कळायला मात्र आधी ट्राउट नावाचा मासा कळावा लागतो, आणि तो मला, पुण्यातल्या वरणभात खाणाऱ्या माणसाला, सुधाकरनं शिकवला.

तो भंडाऱ्याकडचा. तलावांचा मुलूख. पण गावच्या मोठ्या तलावावर त्याच्या वस्तीतल्या पोरांनी गळ घेऊन बसायची सोय नव्हती. कुणीतरी ओरडायचं, कुणीतरी दगड मारायचं. नागपूरला शिकला, इंजिनिअर झाला, इथं आला. आम्ही एकाच मजल्यावर, शेजारच्या क्युबिकलमध्ये बसायचो. पहिल्या वसंतात त्यानं काय केलं, तर मासेमारीचं लायसन काढलं. ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून टोपीला लावलं आणि मला म्हणाला, "पाहून घे यार. एवढं असलं की झालं. कोणत्या वस्तीतला आहे, कोणी विचारून नाही राहिलं." हसत म्हणाला, मला हसता आलं नाही.

अडचण घरातच होती. दर महिन्याच्या एका रविवारी त्यांच्याकडे चार-सहा कुटुंबं जमायची, मेणबत्त्या लागायच्या, वंदना व्हायची. त्रिशरण, पंचशील सुधाकरच म्हणायचा, खड्या आवाजात. आणि पंचशीलातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं. एकदा एका चिमुरडीनं सगळ्यांसमोर विचारलं, "बट काका, यू गो फिशिंग." सगळे हसले, वहिनी नाही हसल्या. त्या एरवी मासे-मटण रांधून खाऊ घालणाऱ्या. पण बाजारातून आणलेलं वेगळं आणि आपल्या हातानं जीव घेणं वेगळं, असा त्यांचा हिशेब होता. शेवटी तह झाला. सुधाकरनं वहिनींना शब्द दिला, एकही मारणार नाही, पकडीन आणि सोडून देईन. वहिनींनी मग कपाटातून नागपूरहून आणलेला एक जुना, धुऊन धुऊन मऊ पडलेला पंचा काढून दिला. "गळ काढताना यात धरत जा. त्याले लागायला नको."

पुढची दोन वर्षं तो पंचा आमच्याबरोबर फिरला. कॅस्केड डोंगरांच्या पायथ्याशी देवदारांनी वेढलेलं एक तळं होतं, लाकडी धक्का, पलीकडे एक ओढा मिळायचा. मी पुस्तक घेऊन बसायचो, जाळी धरायचो आणि कॉफी संपवायचो. सुधाकर बोलत असायचा. ट्राउट नेहमी वाहत्या पाण्याकडे तोंड करून उभा राहतो, कारण त्याचं जेवण तिकडून येतं. हॅचरीत, म्हणजे हौदात वाढवून ट्रकमधून आणून सोडलेला मासा कशालाही तोंड लावतो, ओढ्यातला, गळ्याखाली तांबडी रेघ असलेला, सावली पडली तरी पळतो. मासा लागला की सुधाकर त्याला अलगद वर घ्यायचा, तान्ह्या पोराला न्हाऊन घेतल्यावर गुंडाळतात तसा पंच्यात गुंडाळायचा, गळ काढायचा आणि "जा बाबा" म्हणून सोडायचा. शेजारचे अमेरिकन आपापले मासे बर्फात टाकून घरी न्यायचे आणि या दृश्याकडे बघत राहायचे. सुधाकरला त्याचा अभिमान होता. आपण शीलही पाळतो आणि हौसही भागवतो, असं त्याला मनापासून वाटायचं.

मग एक ऑगस्ट आला. या भागात सहसा पडत नाही असं ऊन आठवडाभर पडलं होतं. त्या शनिवारी मासे सारखे लागत होते आणि सुधाकर सारखा सोडत होता. पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो, तर धक्क्यापासून थोड्या अंतरावर लव्हाळ्यांत वास येत होता. पांढरी पोटं वर करून मासे अडकले होते, काही पक्ष्यांनी फोडलेले. सुधाकर म्हणाला, दुसरंच काहीतरी झालं असेल. तेवढ्यात काठाला एक जिवंत दिसला. हलत होता, पण जड. जवळ गेलो तरी पळाला नाही. त्याच्या अंगावर मधोमध पट्ट्यासारखी पांढरी बुरशी होती, पिंजलेल्या कापसासारखी... बरोब्बर तिथं, जिथं पंचा धरला जायचा. सुधाकर पाण्यात गुडघाभर उतरून त्या माशाकडे बघत उभा राहिला. मी दोनदा हाक मारली, वळला नाही.

त्यानं लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि जेवणाच्या सुट्टीत मला वाचून दाखवली. ट्राउटच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तेच त्याचं चिलखत. कोरड्या कापडानं आम्ही ते पुसून काढत होतो. आणि ट्राउट थंड पाण्याचा जीव. पाणी तापलं की त्यात त्याला पुरेसा श्वास मिळत नाही. तो खालच्या गार थरात जाऊन कसाबसा दिवस काढतो. त्याला तिथून ओढून वर गरम पाण्यात आणायचं, गळावर खेळवून दमवायचं आणि मग सोडायचं. तो पोहत जातो, आपल्याला बरं वाटतं, आणि दिसेनासा झाल्यावर मरतो. "खायला नेले असते तर कमी मेले असते यार," सुधाकर म्हणाला. "मी दया करून मारले." थोड्या वेळानं म्हणाला, "रत्नाला नको सांगू. पंचा तिचा आहे." मी सांगितलं नाही.

त्यानंतर त्यानं मासेमारी सोडली नाही, पद्धत बदलली. गळाचा उलटा काटा पकडीनं चेपून टाकायचा. हात आधी पाण्यात भिजवून गार करायचे. मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. पाण्यातच दोन्ही हातांत सैल धरून ठेवायचा, आणि तो आपल्या बळावर निघेपर्यंत हात काढायचे नाहीत. आणि सगळ्यात आधी थर्मामीटर. धातूच्या बारीक नळीतला, लांब दोरी बांधलेला. अडुसष्ट अंश फॅरनहाइटवर त्यानं वहिनींच्या नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली होती. धक्क्यावर पोचलं की दोरी खाली सोडायची, थांबायचं, वर ओढून बघायचं. पारा रेघेच्या वर असेल तर रॉड गाडीतून काढायचासुद्धा नाही. तास-दीड तास गाडी चालवून जायचं आणि पाणी मोजून परत यायचं, असे आमचे कितीतरी शनिवार गेले. मी वैतागायचो. तो वाटेत बर्गर खाऊ घालायचा.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. औषधं झाली, उलट्या झाल्या, कपडे अंगावर लोंबायला लागले. मार्चअखेर डॉक्टरांनी सांगितलं की आजार पसरलाय. अजून एक, जास्त कडक औषध देऊन बघता येईल, त्यानं काही आठवडे मिळतील, पण ते बहुतेक हॉस्पिटलातच जातील. सुधाकर नको म्हणाला. वहिनींना अन्न गोड लागेना. नागपूरहून त्याच्या थोरल्या भावाचा, प्रभाकरभाऊंचा मला फोन आला. "तुमचं ऐकते तो. समजवा त्याले. ट्रीटमेंट आहे म्हणते डॉक्टर, अन् हा घरी बसून राहिला."

मी गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या, हातात गाळणी तशीच. मी भाऊंचा निरोप शब्दशः सांगितला. सुधाकरनं ऐकून घेतलं. मग सोफ्याशेजारच्या ड्रॉवरमधून थर्मामीटर काढला, दोरी बोटाला गुंडाळत राहिला, आणि म्हणाला, "पाणी गरम झालं आहे यार. आता मला खेळवू नका."

वहिनी म्हणाल्या, "काय बोलून राहिले हे? कोणतं पाणी?" त्यानं उत्तर दिलं नाही, मीही दिलं नाही. तिथूनच मी नागपूरला फोन लावला आणि भाऊंना सांगितलं की तो नाही म्हणतोय, आणि मलाही ते बरोबर वाटतंय. पलीकडून भाऊ रडले. वहिनींनी माझ्या बाजूचं बोलणं सगळं ऐकलं. चहा गॅसवर आटून गेला, कुणी बंद केला नाही. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं."

एप्रिलच्या अखेरीस तळी मासेमारीसाठी उघडली तेव्हा त्याला एकदा घेऊन गेलो. घडीच्या खुर्चीत, गोधडी पांघरून बसला. पाणी बर्फासारखं. एक लहानसा रेनबो ट्राउट लागला, रीळ मला फिरवावं लागलं. सुधाकर मात्र खुर्चीतून उतरला, धक्क्यावर पालथा झोपला आणि दोन्ही हात पाण्यात घातले. मासा त्याच्या ओंजळीत कल्ले हलवत राहिला. त्याचे हात निळे पडायला लागले, दात वाजत होते, मी म्हटलं सोड आता. "थांब ना," तो म्हणाला, "त्याचं त्याला जाऊ दे." मासा गेला. सुधाकरला उठवायला मला दोन्ही काखांत हात घालावे लागले, आणि तेव्हा कळलं की उचलायला फारसं काही उरलेलंच नाही. पुढं तो घरीच होता. पोट पाण्यानं फुगलं, डोळे पिवळे झाले, दुखण्यानं शुद्ध येत-जात होती. शेवटच्या दिवसांत घरी येऊन बघणारी हॉस्पिसची नर्स मॉर्फिन देऊन जायची. बाकी सगळं वहिनी एकट्या करत. मी सूप घेऊन जायचो, त्या डबा दारातच घ्यायच्या. जून संपता संपता तो गेला.

ऑगस्टमध्ये, ऊन तापलेलं असताना, वहिनींचा फोन आला. "ते तळं मला दाखवा." देवदारांखाली गाडी लावली तेव्हा त्यांनी पर्समधून थर्मामीटर काढला आणि विचारलं, "त्या दिवशी हे हातात धरून काय म्हणत होते ते?" सुधाकरनं सांगू नको म्हटलं होतं खरं. पण ज्याच्यासाठी लपवायचं तो गेला होता आणि जिच्यापासून लपवायचं ती समोर उभी होती. मी सगळं सांगितलं. ऊन, लव्हाळी, वास, तो कापसासारखा पट्टा. पंच्याचंही सांगितलं.

"मी समजत होते त्यांना माझा कंटाळा आला," त्या म्हणाल्या. "माझ्या हातच्या सेवेचा. म्हणून लवकर जाऊन राहिले." थर्मामीटरवरची लाल रेघ त्यांनी अंगठ्यानं चोळली. "मला मासे सांगितले असते भाऊजी, तर मला समजलं असतं. इतकी वेडी नव्हती मी."

त्या धक्क्याच्या टोकाला गेल्या. दोरी कशी सोडायची हे मी दाखवायला लागलो, तर हातानंच थांबवलं. थर्मामीटर पाण्यात गेला. आजूबाजूला पोरं उड्या मारत होती, एका बापाच्या गळाला मासा लागला होता आणि त्याची पोरगी टाळ्या वाजवत होती. त्या बापानं मासा वर काढला, फोटोसाठी धरून ठेवला, पुन्हा पाण्यात सोडला. तो पोहत गेला. वहिनी त्याच्याकडे, तो दिसेनासा झाला तिथपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी दोरी हळूहळू ओढली, नळी पदराला पुसली आणि डोळ्यांजवळ नेली.

"रेघेच्या वर आहे," त्या म्हणाल्या. दोरी नीट बोटाला गुंडाळली, जशी तो गुंडाळायचा. "चला भाऊजी, घरी चला. आज घरात चहा घेऊन जा."